मेव्हिस ओल्डकॉर्नच्या आठ टोप्या

हॅदरशॉमध्ये ईस्टर जवळ आला की दुकानातून सगळ्यात आधी गोंद संपतो, मग पिवळा क्रेप कागद, आणि शेवटी आयांचा धीर. गावच्या प्राथमिक शाळेत सुट्टी लागायच्या शुक्रवारी पोरांनी स्वतः केलेल्या टोप्या घालून हॉलभर मिरवायचं, असा रिवाज आहे. ‘स्वतः केलेल्या’ हे शब्द शाळेच्या चिठ्ठीत दरवर्षी जाड अक्षरात छापलेले असतात आणि दरवर्षी कोणीही ते वाचत नाही. येशू तिसऱ्या दिवशी उठला हे खरं, पण हॅदरशॉमधल्या आया त्याच्या आधी तीन दिवस झोपलेल्याच नसतात. शुक्रवारी सकाळी त्यांच्या बोटांना चमकी, केसांना गोंद आणि डोळ्यांखाली काळं असतं. पोरांची बोटं मात्र स्वच्छ असतात.

हे सगळं मेव्हिस ओल्डकॉर्नला ठाऊक होतं आणि ती ते मोठ्यानं बोलून दाखवायची. मेव्हिस शहात्तर वर्षांची. गावातला टोप्यांचा कारखाना चालू होता तेव्हा तिथं एकतीस वर्षं टोपीला आतून चामड्याची पट्टी आणि बाहेरून रेशमी फीत शिवायचं काम तिनं केलं. आता त्या कारखान्याचे फ्लॅट झालेत आणि जिथं वाफेची भांडी होती तिथं लोक योगासनं करतात. कारखान्यातला एकच नियम तिच्या अंगात भिनलेला होता. टाका दिसता कामा नये. टाका दिसला की मुकादम बाई टोपी खिडकीशी धरायची, नाक वर करायची आणि पुन्हा टेबलावर आपटायची. अशा हजारो टोप्या घालून हजारो माणसं लग्नांना, शर्यतींना आणि मर्तिकांना गेली, आणि त्यातल्या एकालाही मेव्हिस कोण हे माहीत नव्हतं. एकतीस वर्षं हात असा लपवून ठेवल्यामुळे की काय, तोंड मात्र तिनं कधी लपवलं नाही.

नवरा नॉर्मन गेला त्या वर्षी तिनं शाळेत जाऊन दर बुधवारी शाळा सुटल्यावर टोप्यांचा वर्ग घेते म्हणून सांगितलं. ज्यांच्या घरी कुणाला वेळ नाही अशा पोरांसाठी. फुकट. शाळा लगेच हो म्हणाली. अकरा वर्षं झाली त्याला. चित्रकलेच्या खोलीत आठ पोरं, एक बिस्किटांचा डबा, आणि चहा करायला शेजारीण बेरिल. मेव्हिसचा इथंही एकच नियम होता, मोठ्या माणसानं टोपीला हात लावायचा नाही. तिनं स्वतःसाठी खास खोल खिशांचा एप्रन शिवला होता आणि दोन्ही हात त्यात कोंबून ती खोलीभर फिरायची.

"मेव्हिस आजी, हे चिकटत नाहीये."

"मग चिकटव."

"तू दाखव ना."

"मी दाखवलं की ती माझी टोपी होईल. माझ्याकडे आहेत टोप्या."

एखादी आई दारातून डोकावली आणि ‘मी फक्त एवढा कान सरळ करते हं’ म्हणाली, की मेव्हिस तिला खांद्याला धरून बाहेर काढायची. "घरी जा. नवऱ्याचे कान सरळ कर."

तिचा खास राग होता स्टुअर्टवर. स्टुअर्ट विमानाच्या कुठल्याशा भागांचा इंजिनियर. त्याच्या मुलाच्या टोपीवर एका वर्षी फिरती पवनचक्की होती, दुसऱ्या वर्षी बटण दाबलं की अंड्यातून पिल्लू वर यायचं, आणि गेल्या वर्षी चक्क कारंजं होतं. खरं पाणी. बक्षीस तिन्ही वर्षं त्यालाच. मुलगा टोपीखाली मान ताठ करून असा उभा राहायचा की त्याला फोटोसाठी सुद्धा हसवेना.

"काय स्टुअर्ट," मेव्हिस गेल्या वर्षी सगळ्यांदेखत म्हणाली होती, "पोराला यंदा टोपी बघायला तरी दिली होतीस का आधी?"

स्टुअर्ट लाल झाला आणि लोक हसले. हसणाऱ्यांत निम्म्यांच्या बोटांवर गोंद होता.

मेव्हिसच्या आठ पोरांच्या टोप्या मात्र, खरं सांगायचं तर, भयानक असायच्या. कागदी ताटलीला टॉयलेट रोलचे कान, एक डोळा कपाळावर आणि दुसरा हरवलेला. मिरवणूक निम्म्यावर यायच्या आत त्यांच्यातून काही ना काही गळून पडायचं आणि मागच्या पोराचा पाय त्यावर पडायचा. मेव्हिस खुर्चीत बसून अभिमानानं टाळ्या वाजवायची.

यंदाच्या आठांत एफी होती. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, बाप बस चालवतो, आई दुसऱ्या गावी राहते. एफीनं पहिल्याच बुधवारी जाहीर केलं की ससे आणि पिल्लं ती करणार नाही.

"मग काय करणार?"

"थडगं."

बेरिलच्या हातातला कप बशीवर वाजला.

एफीनं बुटांच्या खोक्याला करडा रंग फासला, त्याला पुढून भोक पाडलं आणि भोकाशेजारी घरून आणलेला एक भलामोठा बटाटा तारेनं बांधला. हा दगड, तिनं सांगितलं. येशूला ठेवलं त्या गुहेवरचा. तो बाजूला सरकवलाय. मेव्हिसनं वाकून भोकात पाहिलं. आत काहीच नव्हतं.

"येशू कुठाय?"

"गेला."

"कुठं?"

"मला काय माहीत? तो नाहीये, हेच तर आहे त्यात." एफीनं तिच्याकडे असं पाहिलं की मेव्हिसला लहानपणी चर्चमधल्या रविवारच्या शाळेत आपण बरंच काही चुकवलं असं वाटलं. अकरा वर्षांत ईस्टरच्या टोपीत ईस्टर घालणारी ही पहिलीच. टोपी उजवीकडे झुकायची, बटाट्याच्या वजनानं एफीची मानही उजवीकडे झुकायची, आणि ती तशीच तिरकी होऊन खोलीभर चालून दाखवायची. मेव्हिसला ती टोपी मनापासून आवडली. तिनं हे एफीला सांगितलं नाही, कारण कौतुक करायची तिची पद्धत म्हणजे एक जास्तीचं बिस्किट.

शेवटच्या बुधवारी पोरं गेल्यावर हेडमिस्ट्रेस मिसेस लॉकवूड आल्या. त्या यंदाच नव्या आल्या होत्या आणि कुठलीही वाईट बातमी हसून सांगायच्या.

"मेव्हिस, तुमचं काम किती मोलाचं आहे, हे आम्ही सगळेच जाणतो."

"काय झालं ते बोला," मेव्हिस म्हणाली.

झालं असं होतं की काही पालकांनी तक्रार केली होती. बुधवारच्या मुलांच्या टोप्या इतरांपुढे फार केविलवाण्या दिसतात, मुलांना त्यानं कमीपणा वाटतो, असं त्यांचं म्हणणं. एक बाई आहेत, त्या तयार साहित्याच्या पिशव्या घेऊन येतात, कापलेलं, आखलेलं सगळं. प्रत्येकाची टोपी छान होते. शाळेच्या मंडळाला ती कल्पना आवडली आहे. पण अजून काही ठरलेलं नाही. "शुक्रवारी बघू आपण कसं दिसतंय ते," मिसेस लॉकवूड म्हणाल्या आणि टेबलावरच्या आठ टोप्यांकडे बघून पुन्हा हसल्या. नेमका तेव्हाच एक कान पडला.

चित्रकलेच्या खोलीत दुसऱ्या दिवशी पोरांना लस टोचायची होती म्हणून टोप्या ठेवायला जागा नव्हती. मेव्हिसनं त्या आपल्या चाकांच्या बाजारपिशवीत दोन खेपांत भरून घरी नेल्या आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडल्या. मग ती त्यांच्यासमोर बसून राहिली. बुधवार गेला तर काय उरतं याचा तिनं हिशोब करून पाहिला. सोमवारी दवाखाना, शुक्रवारी मासळी आणि चिप्स, रविवारी बहिणीचा फोन, त्यातही बहीणच बोलते. आपण दारात दिसल्यावर कुणीतरी ओरडत धावत येतं असा आठवड्यात एकच दिवस होता. तिला रडू आलं आणि त्याचा रागही आला.

गुरुवारी दुपारी ती नुसता तो पडलेला कान लावायला बसली. एकच टाका. पोरानं लावलाच होता, पडला हा काही त्याचा दोष नाही, असं तिनं स्वतःला समजावलं. पण कानाखालची पुठ्ठ्याची कड फाटलेली होती. तिला आतून जरा आधार द्यायला हवा होता. पलंगाखालच्या सुटकेसमध्ये कारखाना बंद पडला तेव्हा आणलेलं फेल्ट होतं, टोप्यांचं जाड लोकरी कापड, पांढरं, कबुतरी, फिक्कं गुलाबी, आणि रेशमी फितीची सहा रिळं. तिनं सुटकेस उघडली. मुरंब्याच्या बाटलीचं झाकण उघडताना जी बोटं तिला शिव्या घालायला लावायची, ती सुईत दोरा ओवताना जराही अडली नाहीत. वीस वर्षांत तिनं टोपी शिवली नव्हती. सशाची टोपी झाली तेव्हा तिनं ती खिडकीशी धरली. टाका कुठंही दिसत नव्हता. तिला इतका आनंद झाला की तिनं दुसरी ओढली.

पाचपर्यंत आठही झाल्या. एफीची सगळ्यात शेवटी. खोक्याचं काही करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून मेव्हिसनं ते काढूनच टाकलं आणि त्याजागी किटलीच्या वाफेवर फेल्ट ताणून रुंद काठाची टोपी केली, पुढून किंचित वळलेली, त्यावर गुलाबी गुलाब आणि काठाशी तीन पिवळी पिल्लं. खोके, ताटल्या, टॉयलेट रोल आणि करडे तुकडे तिनं काळ्या पिशवीत भरून बाहेरच्या डब्यात टाकले. बटाटा चांगला होता. तो तिनं सालीसकट ओव्हनमध्ये भाजला, लोणी आणि मीठ घातलं, आणि संध्याकाळी खाल्ला.

बेरिल रिकामी बशी परत करायला आली आणि टेबल बघून दारातच उभी राहिली.

"मेव्हिस. हे काय केलंस?"

"जरा नीटनेटकं केलं."

"जरा? अगं, राणीच्या मेजवानीला घालून जाता येतील या." बेरिलनं एक टोपी उचलली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "तू स्टुअर्ट झालीस."

"स्टुअर्टला टाका घालता येत नाही," मेव्हिस म्हणाली. पण बेरिल गेल्यावर तिला ते लागलं. तरी तिनं उसवलं काहीच नाही. उसवायला सुरुवात करायची म्हणून तिनं गुलाब हातात घेतला आणि तो इतका चांगला झाला होता की तिनं परत ठेवून दिला.

शुक्रवारी सकाळी कचऱ्याची गाडी आली तेव्हा मेव्हिस केस विंचरत होती. गाडीनं डबा उचलल्याचा आवाज तिनं ऐकला आणि ती क्षणभर थांबली. मग टोप्या भरून ती शाळेकडे निघाली.

चित्रकलेच्या खोलीत पोरं धावत आली आणि टेबलापाशी येऊन गप्प झाली. आठ पोरं एकदम गप्प झालेली मेव्हिसनं अकरा वर्षांत पाहिली नव्हती.

"या कुणाच्या?" एकानं विचारलं.

"तुमच्याच. आत नावं आहेत बघा." नावंही तिनं फितीवर भरतकामानं घातली होती.

पोरं आपलं नाव शोधू लागली. खरं सांगायला हवं, सहा जणांना काही वाटलं नाही. सुंदर टोपी फुकट मिळाली, त्यांनी घातली आणि आरशापुढे ढकलाढकली सुरू केली. एकाला रडू आलं, पण त्याला एरवीही येतं. एफीनं आपली टोपी दोन्ही हातांत धरून तिच्याखाली पाहिलं, मग टेबलाखाली पाहिलं, मग मेव्हिसच्या पिशवीत.

"गुहा कुठाय?"

"जड होती बाळा. मान दुखली असती तुझी."

"पण कुठाय?"

मेव्हिसला खोटं बोलायचं होतं, पण ऐनवेळी एकही सुचलं नाही. "टाकली."

"आणि दगड?"

"खाल्ला."

"सालीसकट?"

"सालीसकट."

तेवढ्यात हॉलमध्ये संगीत लागलं आणि बाई रांग करायला ओरडू लागल्या. एफीनं टोपी डोक्यावर ठेवली. ती अगदी बरोबर बसली. मान सरळ होती.

हॉल पालकांनी भरला होता. सगळ्यांचे फोन वर होते, त्यामुळे कुणालाच नीट काही दिसत नव्हतं. स्टुअर्टच्या मुलाच्या डोक्यावर यंदा गोल फिरणारी आगगाडी होती, पण दुसऱ्या फेरीला ती रुळावरून घसरली आणि एका आजीच्या मांडीवर जाऊन पडली. मग बुधवारची आठ पोरं आली. हॉलमध्ये ‘अरेच्चा’ असा आवाज उठला. फेल्टच्या काठावर उजेड पडला होता, गुलाब खरे वाटत होते, आणि यंदा काहीही गळून पडलं नाही. मेव्हिसनं हात एप्रनच्या खिशात घट्ट दाबून धरले होते. तिला लाज वाटत होती आणि त्याच वेळी तिला त्या टोप्यांवरून नजर काढवत नव्हती.

परीक्षक चर्चच्या व्हिकरबाई, म्हणजे गावच्या धर्मगुरू, होत्या. त्यांनी माईक हातात घेतला आणि पहिलं बक्षीस एफीला दिलं. "काय ही चिमुकल्या हातांची किमया!" त्या म्हणाल्या. "गुलाब, पिल्लं, वसंत! ईस्टरचा खरा अर्थ या मुलीनं टोपीत उतरवलाय." मेव्हिस खुर्चीत आक्रसली. मिसेस लॉकवूड टाळ्या वाजवत पुढे आल्या आणि पालकांना म्हणाल्या, "आणि मला सांगायला आनंद होतो, आपल्या मेव्हिसचा बुधवारचा वर्ग पुढेही तसाच चालू राहील."

टाळ्या पडल्या. काही लोक उभे राहिले. मेव्हिसला जे हवं होतं ते तिला मिळालं होतं.

एफीनं बक्षीस घेतलं. सोनेरी कागदातलं चॉकलेटचं अंडं, जवळजवळ तिच्या डोक्याएवढं. ते पोटाशी धरून ती मंचावरून उतरली, रांग सोडली आणि हॉल ओलांडून मेव्हिसपाशी आली. अंडं तिनं मेव्हिसच्या मांडीवर ठेवलं.

"हे तुझं," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. रस्त्यात कुणाचा हातमोजा सापडावा आणि आपण तो परत करावा, तसं तिनं ते दिलं. आजूबाजूच्या दोन रांगांना ऐकू गेलं. टाळ्या जरा मंदावल्या. मागच्या खुर्चीतला स्टुअर्ट पुढे वाकला, आणि मेव्हिसनं डोळे मिटून घेतले, कारण गेल्या वर्षीचं त्याचं देणं बाकी होतं.

"टाके सुरेख आहेत, मेव्हिस," स्टुअर्ट हळूच म्हणाला. "खरंच सांगतो. मी असे कधी पाहिले नाहीत."

टोमणा मारला असता तर तिला उत्तर देता आलं असतं. तिनं नुसती मान हलवली.

एफी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर चढून बसली. टोपी काढून तिनं गुडघ्यावर ठेवली आणि एका पिल्लाच्या डोक्यावरून बोट फिरवत राहिली. पुढे मिसेस लॉकवूड रॅफलच्या सोडतीचे नंबर वाचायला लागल्या होत्या.

"माझी खूप वाईट होती का?"

"नाही गं," मेव्हिस म्हणाली. "अजिबात नाही. सगळ्यांत चांगली होती."

"मग का काढलीस?"

"भीती वाटली मला."

"थडग्याची?"

"नाही. त्या माझा बुधवार काढून घेतील याची." मेव्हिसनं हनुवटीनं मिसेस लॉकवूडकडे दाखवलं. "माझ्याकडे तेवढाच एक दिवस आहे."

एफीनं जीभ पडलेल्या दातांच्या जागी घातली.

"पण बुधवार माझापण होता," ती म्हणाली.

पुढे कुणालातरी बाथ सॉल्टची बरणी लागली आणि लोक हसले. मेव्हिसनं मांडीवरचं सोनेरी अंडं एकदा पाहिलं. मग तिनं एप्रन सोडला, घडी करून खुर्चीवर ठेवला, आणि अंडं काखेत मारून उठली. गुडघे कडकडले. दोन रांगा ओलांडून ती मंचापाशी गेली आणि मिसेस लॉकवूडच्या हातातून माईक घेतला. तो बंद कसा करायचा आणि चालू कसा करायचा हे तिला माहीत नव्हतं, पण हॅदरशॉत तिला त्याची कधी गरज पडली नव्हती.

"जरा थांबा," ती म्हणाली. "त्या आठही टोप्या मी केल्यात. पोरांच्या होत्या त्या मी काल कचऱ्यात टाकल्या."